शेवटची सहा घरे

मराठी भाषेवर सोंगट्यांच्या पटाचे ऋण मोठे आहे. नशीब फिरले की आपले फासे उलटे पडतात. मनासारखे घडले की दान पडते. एखादा गुपचूप निघून गेला की तो पोबारा करतो, आणि हा पोबारा मूळचा फाशांवरच्या बारा आणि एक अशा दानाचा. निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांना राजकारणाचा सारीपाट आठवतो. पण हे शब्द जरा उलटून पाहिले तर ध्यानात येते, की त्यांतले बहुतेक पडणाऱ्या दानाविषयी आहेत. पडलेले दान खेळावे कसे, आणि विशेषतः सोंगट्या घराच्या जवळ आल्यावर खेळावे कसे, याविषयी आपली भाषा जवळजवळ गप्प आहे.

ही गप्प बसण्याची सवय आपल्या स्वभावातच असावी. डाव रंगात असतो तेव्हा आपण हिरीरीने बोलतो, डोके चालवतो, समोरच्याची सोंगटी मारण्याचे बेत करतो. सोंगट्या घरापाशी आल्या की मात्र सैल होतो. ‘आता काय, सगळे फाशांवर!’ असे म्हणून हात झटकतो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. डावाची सुरुवात कोणालाच पुरती मोजता येत नाही. मधला भाग तर नाहीच नाही. शेवट हा खेळाचा एकच भाग असा आहे की तो पूर्ण मोजता येतो. आणि जिथे मोजता येते नेमके तिथेच आपण मोजणे सोडतो.

या खेळांशी आपला संबंध आजकालचा नाही. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात आणि एकोणतिसाव्या धुमार लेण्यात शिवपार्वती फासे खेळत बसलेले दिसतात. अशा प्राचीन शिल्पांतल्या काही पटांचे नाते अभ्यासकांनी इराणच्या ‘नर्द’शी, म्हणजे आज जग ज्याला बॅकगॅमन म्हणते त्या खेळाशी जोडले आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपल्या दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, कारण त्या दिवशी महादेव पार्वतीकडून हरले अशी कथा. आपला खंडोबाही म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरला आणि पणाप्रमाणे बारा वर्षे घर सोडून बाणाईच्या वाड्यावर मेंढरे राखायला गेला, असे वाघ्यामुरळी गातात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात बुद्धिबळाबरोबर फाशांच्या आणि कवड्यांच्या खेळांचेही वर्णन आहे. त्या काळी आमच्या कोल्हापुरावर राज्य करणारे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते, हे आपले गावाच्या अभिमानापोटी सांगितले. पुढे आपल्या पटाचेच सोपे रूप इंग्लंडात गेले, १८९६ साली तिथे त्याचे ‘ल्यूडो’ म्हणून पेटंट निघाले, आणि २०१६ साली नवी मुंबईतल्या एका कंपनीने ते मोबाइलवर आणले. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी तोच पट चालला होता.

शेवटाचा हिशेब समजण्यासाठी मात्र बॅकगॅमन सर्वांत सोयीचे, कारण त्याचा शेवट अगदी उघडा असतो. खेळ दोघांचा. पटावर चोवीस घरे, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या आणि दोन चौकोनी फासे. सगळा पट ओलांडून आपल्या पंधराही सोंगट्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि मग एकेक करून पटाबाहेर काढायच्या. ज्याचा पट आधी रिकामा झाला तो जिंकला. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडला तर तो दोनदा नव्हे, चारदा खेळायचा. सोंगटी चौथ्या घरात असेल तर ती बाहेर काढायला चार पाहिजेत. तिच्या मागच्या घरांत आपली दुसरी सोंगटी नसेल तर पाच किंवा सहानेही ती निघते, पण वरचा आकडा वाया जातो.

आता दोन फासे टाकले तर एकूण दाने छत्तीस. तांबड्या फाशावरचे सहा आणि निळ्यावरचे सहा, सहा सक छत्तीस. एवढे गणित चौथीतल्या मुलालाही येते, आणि पुढचे सारे याच छत्तीसच्या आत आहे.

समजा, तुमच्या दोनच सोंगट्या उरल्या आहेत आणि एकाच दानात दोन्ही निघाल्या तरच तुम्ही जिंकता. दोघींचे मिळून अंतर सात घरे आहे. हे सात तीन तऱ्हांनी होऊ शकते: सहा आणि एक, पाच आणि दोन, चार आणि तीन. वरवर पाहता तिन्ही सारखेच. पण कागद घेऊन छत्तीस दाने मांडली तर सहा-एकच्या मांडणीत फक्त १५ दाने कामाला येतात, चार-तीनच्या मांडणीत १७ आणि पाच-दोनच्या मांडणीत १९. म्हणजे शंभरात सुमारे ४२, ४७ आणि ५३. मुद्दल तेच, ठेवण्याची जागा बदलली आणि अकरा टक्क्यांचा फरक पडला! बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला अकरा टक्के हा आकडा ऐकून झोप लागत नाही.

यातली खरी मौज पुढे आहे. समजा तीन सोंगट्या आहेत, सहाव्या, पाचव्या आणि तिसऱ्या घरात, आणि दान पडले सहा-एक. सहाने मागची सोंगटी काढली. आता पाच आणि तीन उरल्या आणि एक घर खेळायचे आहे. दहातले नऊ जण मागची सोंगटी पुढे घेतील, पाचाची चार करतील. मागे राहिलेल्याला हात द्यावा ही आपली भली सवयच. पण त्याने चार-तीन होते, म्हणजे १७ दाने. तेच तिसऱ्या घरातली सोंगटी दुसऱ्यात सरकवली तर पाच-दोन होते, म्हणजे १९. फाशाने दोघांनाही तेच दान दिले होते. दोन दानांचा फरक फाशाने केला नाही, खेळणाऱ्याने केला. हरल्यावर मात्र दोघेही फाशाचेच नाव घेतील.

असे एक-दोन डाव मोजून पाहिले की काही सूत्रे आपोआप हाती येतात. सोंगटी बाहेर काढता येत असेल तर बहुतेक वेळा काढावीच. काढता येत नसेल तर मोकळ्या राहिलेल्या घरात सरकवावी, कारण मोकळे घर म्हणजे वाया जाणारे दान. आणि सर्वांत महत्त्वाचे, पहिल्या घरात सोंगट्यांचा ढीग घालू नये. नवख्या माणसाला पहिले घर सर्वांत सुरक्षित वाटते, कारण तिथून बाहेर पडायला कोणतेही दान चालते. पण पहिल्या घरातली सोंगटी सहाने काढली तर पाच घरे फुकट जातात. दोन फाशांच्या एका दानाची सरासरी आठ घरांहून थोडी जास्त भरते. ती पुरती वापरायची असेल तर सोंगट्या पसरलेल्या हव्यात.

एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने यासाठी एक सोपा ताळा सांगितला आहे. आपल्या सगळ्या सोंगट्यांना बाहेर पडायला लागणाऱ्या घरांची बेरीज करावी. तीत उरलेल्या प्रत्येक सोंगटीमागे दोन मिळवावे. पहिल्या घरात बसलेल्या प्रत्येक सोंगटीमागे आणखी एक मिळवावा. आणि शेवटच्या सहांपैकी जितक्या घरांत सोंगट्या असतील तितके वजा करावे. दोन्ही बाजूंची अशी बेरीज केली की शर्यतीत कोण पुढे आहे ते कळते. त्यात पहिल्या घरातल्या गर्दीला दंड आहे आणि पसरून बसण्याला सूट आहे, हे लक्षात घ्यावे. समोरच्याची सोंगटी अजून आपल्या अंगणात अडून बसलेली असेल तर सूत्र थोडे बदलते. मग मागची घरे आधी रिकामी करावीत आणि सर्वांत मागच्या दोन घरांत मिळून सम संख्येने सोंगट्या ठेवाव्यात, म्हणजे एकटी सोंगटी उघडी पडण्याचा धोका कमी होतो.

यंत्रांनाही शेवटाचे हे रहस्य लवकर उमगले. १९७९ साली माँटे कार्लो येथे हान्स बर्लिनर यांच्या संगणकाने बॅकगॅमनच्या जगज्जेत्याला, लुइगी व्हिलाला, ७-१ असे हरवले. आपल्या यंत्राला फाशांनी बरीच साथ दिली, हे खुद्द बर्लिनर यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले. नंतरची यंत्रे कितीतरी पटींनी हुशार झाली. डावाच्या मध्यात तीसुद्धा अंदाजच करतात, भले तो फार चांगला अंदाज असो. शेवटच्या सहा घरांत मात्र अंदाजाचे कारणच उरत नाही. पंधरा किंवा त्याहून कमी सोंगट्या सहा घरांत बसण्याचे एकूण प्रकार ५४,२६४ होतात. ते सगळे एकदाच मोजून तक्त्यात लिहून ठेवता येतात. मग यंत्र विचार करत नाही, तक्ता पाहते. आपल्याला एवढा तक्ता पाठ करायचा नाही. पण उत्तर अस्तित्वात आहे आणि ते शोधता येते, एवढे कळले तरी ‘नशीब’ हा शब्द तोंडात यायला जरा वेळ लागेल.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. नलदमयंतीची कथा आपण स्वयंवर आणि हंस यांच्यासाठी लक्षात ठेवतो. पण तिचा कणा द्यूत आहे. पुष्कराशी खेळून नल राज्य हरतो आणि पुढे अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक या नावाने सारथी होऊन राहतो. आपल्याच विदर्भाकडे रथ हाकत असताना ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे एका दृष्टिक्षेपात मोजून दाखवतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजून पाहतो. गणती बरोबर निघते. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात तो ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या, ‘अक्षहृदय’, घेतो. त्याच क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. प्राचीन काळी बेहड्याच्या फळांचेच फासे करीत, तेव्हा कथाकाराने झाड उगाच निवडलेले नाही. ज्याला मोजता येते त्याच्या अंगात कली राहत नाही, हा त्या कथेचा अर्थ मला वाटतो. आणि ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात कोणाला, तर वनवासातल्या युधिष्ठिराला. कथा संपल्यावर ते त्यालाही ती विद्या देतात.

युधिष्ठिराला ती सभापर्वात हवी होती. त्याच्या हरण्यात शकुनीचा कावा होताच. पण प्रत्येक पणानंतर पुढचा पण मोठा, आणि थांबायचे केव्हा याचा हिशेबच नाही, हे त्याचे स्वतःचे होते. बॅकगॅमनमध्ये १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या खेळाडूंनी पण दुप्पट करण्याचा एक फासा आणला. प्रतिस्पर्धी ‘दुप्पट’ म्हणाला की एक तर डाव सोडायचा आणि एक गुण द्यायचा, नाही तर दोन गुणांसाठी खेळायचे. सोडावे केव्हा? चार वेळा सोडला तर चार गुण जातात. चार वेळा खेळला आणि त्यांत एकदाच जिंकला तर सहा जातात, दोन येतात, म्हणजे जातात चारच. तेव्हा चारांत एकदाही जिंकण्याची आशा नसेल तर सभ्यपणे डाव सोडावा. भीष्मद्रोणांच्या त्या सभेत एवढा त्रैराशिकाचा हिशेब कोणी मांडला नाही.

इथे कोणी विचारील, की कुटुंबाच्या पुरवणीत हे जुगाराचे धडे कशाला? जुगारावर आपल्याकडे १८८७ पासून कायदा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्राने बंदी घालणारा कायदा केला. दोन्ही योग्यच आहेत. पण माझा अनुभव असा, की जुगारात बुडतो तो मोजणारा माणूस नव्हे. ‘आता माझे दान पडणारच’ म्हणणारा बुडतो. फाशाला मागचे दान आठवत नसते, हे ज्याने लहानपणी चिंचोके पणाला लावून पडताळले आहे, त्याला मोठेपणी कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.

आता बॅकगॅमन बाजूला ठेवून आपल्या सारीपाटाकडे येतो, कारण शेवटाविषयी त्याने शिकवलेली एक गोष्ट बॅकगॅमनजवळ नाही. चौघांच्या पटात समोरासमोरचे दोघे भिडू असतात. तुमच्या चारही सोंगट्या घरात गेल्या म्हणून तुम्ही जिंकत नाही. भिडूच्याही चार गेल्या पाहिजेत, दोघांच्या मिळून आठ. तुम्ही घाईने घरी गेलात तर मागे तुमचा भिडू एकटा राहतो. तो एकदा फासे टाकतो आणि समोरचे दोघे मिळून दोनदा. मग त्याच्या सोंगट्या पटापट मरतात. म्हणून जुने जाणते खेळाडू भिडू मागे असेल तर आपली शेवटची सोंगटी दाराशी आली तरी आत नेत नसत. तिला पटाच्या दुसऱ्या फेरीला पाठवत, वाटेत वैऱ्याच्या सोंगट्या मारायला आणि भिडूची वाट मोकळी करायला. घर समोर दिसत असताना माघारी वळायचे, हा सारीपाटाच्या शेवटातला सर्वांत अवघड आणि सर्वांत शहाणा डाव.

हा डाव न खेळलेली माणसे मी बँकेत फार पाहिली. एक उदाहरण सांगतो. एक निवृत्त गृहस्थ ठेवींच्या बाबतीत इतके दक्ष, की पाव टक्का व्याज जास्त मिळावे म्हणून या बँकेतून त्या बँकेत हिंडत. वहीत मुदतीच्या तारखा सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या. एका आषाढात ते गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी शाखेत आल्या. पावत्या त्यांना तांदळाच्या डब्यात सापडल्या होत्या. सगळ्या ठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर, एकीवरही वारसाची नोंद नाही. मग दाखले, प्रतिज्ञापत्रे, जामीनदार, दिरांच्या सह्या. एक दीर सही देईना. बाई एकदा फासे टाकत आणि कागद दोनदा. पुढचा गणेशोत्सव आला तेव्हा काम झाले. मधल्या वर्षात त्यांनी गळ्यातले विकले होते. यजमान आपला डाव उत्तम खेळून वेळेवर घरी गेले होते. भिडू मात्र पटावर राहिला होता.

हे टाळायला फार काही लागत नाही. खाते दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहील त्याला पैसे मिळतील असे. ठेवीवर नामनिर्देशन. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीवर एकाऐवजी चार जणांपर्यंत नावे देता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो, मालकी कायद्याच्या वारसांचीच राहते. म्हणून जोडीला साधे मृत्युपत्र असावे. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तिथूनही त्या परत मागता येतात, आणि त्या शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ नावाची सोय झाली आहे. पण शोधणाऱ्याला आधी ठाऊक तर पाहिजे, की शोधायचे काहीतरी आहे.

साठी ओलांडलेल्या माझ्या पिढीविषयी एक तक्रार नोंदवतो. आम्ही नोकरी मोजून केली, घराचे हप्ते मोजून फेडले, मुलांची शिक्षणे मोजून केली. आणि आता, शेवटच्या सहा घरांत आल्यावर, ‘देवाच्या हातात’ म्हणून मोकळे होतो. देवाच्या हातात फासे आहेत हे खरे. सोंगट्या आपल्याच हातात आहेत. कोणती पावती कुठे ठेवली आहे, कोणते औषध कोणत्या वेळी घ्यायचे, कोणाचे देणे राहिले आहे, हे जोडीदाराला सांगायला कोणते दान पडावे लागते?

आज रविवार आहे. घरातला ल्यूडोचा डबा काढावा. त्यातले दोन फासे घ्यावेत, एका कागदावर सहा घरे आखावीत आणि सोंगट्यांऐवजी दोन चिंचोके ठेवावेत, एकदा सहा-एकवर, एकदा पाच-दोनवर. नातवंडांना छत्तीस दाने मांडू द्यावीत आणि कोणती जागा चांगली ते त्यांनाच ठरवू द्यावे. आधी सांगू नये. एखादे पोर म्हणेल, दोन्ही सातच आहेत, काय फरक पडतो? त्याला शांतपणे मोजू द्यावे. आणि त्याचे मोजणे चालू असताना समोर बसलेल्या आपल्या भिडूला हळूच विचारावे, ‘तुझ्या किती राहिल्यात?’